सहज वाचता वाचता

विद्यार्थिदशेत आपण जे वाचतो, त्याचे ढोबळ मानाने दोन प्रकार पडतात. एक परीक्षेसाठीचे वाचन. त्याला वेळापत्रक असते, टिपणे असतात, आणि परीक्षा संपली की त्यातले बरेचसे विसरायला आपण मोकळे असतो. दुसरे सहज वाचन. ते बसची वाट पाहताना होते, दवाखान्याच्या बाकावर होते, ग्रंथालयात एक पुस्तक शोधताना शेजारचे हाती आले म्हणून होते. पहिल्या वाचनाने मला पदवी मिळाली आणि नोकरी मिळाली. दुसऱ्या वाचनाने मला माझा स्वतःचा मुलूख कळला. या दुसऱ्या वाचनाचा हिशेब आपल्या अंकात मांडावा, असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे. मी वाणिज्य शाखेचा प्राध्यापक. हिशेब म्हटला की जमेबरोबर नावेही लिहावे लागते, हे मी वर्गात रोज सांगतो. माझ्याही खात्यावर असे एक मोठे नावे आहे. ते लपवणार नाही. पण आधी जमेची बाजू पाहू.

पुडीचे कागद

माझे गाव कलघटगी. हुबळीहून कारवारच्या रस्त्याला लागले की तीसेक किलोमीटरवर ते लागते. आमच्या घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड, असा रोजचा व्यवहार. अण्णांचे रस्त्यालगत लहानसे किराणा दुकान होते. त्या काळी प्लास्टिकच्या पिशव्या नव्हत्या. जिरे, मिरी, चहापूड, गूळ, सारे काही कागदाच्या पुडीत बांधून, वर टांगलेल्या रिळाचा दोरा गुंडाळून द्यायचे. त्यासाठी हुबळीहून रद्दीचे गठ्ठे येत. दुपारी गिऱ्हाईक कमी असे. तेव्हा आई आणि मी ती रद्दी निवडत बसत असू. वर्तमानपत्र गुळाला, वहीचे पान जिऱ्याला आणि मासिकाचे पान चहापुडीला, अशी आमची वाटणी ठरलेली होती.

माझे सहज वाचन सुरू झाले ते या गठ्ठ्यांवर. त्यात 'किर्लोस्कर' असे, हुबळीहून १९५६ पासून निघू लागलेले 'कस्तुरी' असे, कुणाच्या तरी इंग्रजी पाठ्यपुस्तकाची फाटकी पाने असत. मराठी आणि कन्नड दोन्ही लिप्या येत असल्यामुळे मला काहीच वर्ज्य नव्हते. अडचण एकच होती. कुठलाही लेख सबंध मिळत नसे. ऐन रंगात आल्यावर "पुढील मजकूर पृष्ठ ४७ वर" असे शब्द यायचे, आणि पृष्ठ ४७ आदल्याच दिवशी कुणाच्या तरी घरी जिऱ्याबरोबर गेलेले असायचे! उत्तरार्धावाचून राहिलेल्या अशा कितीतरी लेखांची हुरहूर मला अजून आहे.

अशाच एका कन्नड पानावर मी पहिल्यांदा वाचले की, कलघटगी हे गाव पाळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. सागवानी लाकूड, त्यावर लाखेचे रंग, आणि त्या रंगांत रामायण-महाभारतातील आणि कृष्णाच्या बाललीलांची चित्रे. रंग पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, म्हणून एकाच पाळण्यात आजोबा आणि नातू दोघेही झोपलेले असतात, वगैरे वगैरे. मी चकित झालो. पाळणे करणाऱ्यांचे घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे होते. मी रोज त्यांच्या दारावरून शाळेत जात होतो. लाकूड तासल्याचा आवाज ऐकत होतो. पण हे काही नवल आहे, लांबलांबची माणसे यासाठी आपल्या गावी येतात, हे मला हुबळीहून आलेल्या रद्दीने सांगितले! पुढे वाचनात जी जी नवले सापडली, त्यांतली बहुतेक याच जातीची निघाली.

एका सरीचे दोन समुद्र

धारवाडला महाविद्यालयात असताना बँकिंगवरचे एक पुस्तक शोधताना माझ्या हाती मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा २२ वा खंड आला. तो १८८४ सालचा, सबंध धारवाड जिल्ह्याविषयीचा. उभ्याउभ्या चाळावा म्हणून उघडला, आणि नद्यांच्या प्रकरणापाशी थांबलो.

धारवाडजवळ सोमेश्वराच्या देवळापाशी उगम पावणारी शाल्मला आपण सर्व जाणतो. तिचे पाणी कलघटगीच्या बाजूला उतरते. तेथे हुबळीकडून येणारा प्रवाह मिळतो आणि बेडती नदी होते. ही बेडती पश्चिमेला रानात शिरते, यल्लापूरजवळ मागोड येथे सुमारे दोनशे मीटरांवरून दोन टप्प्यांत खाली कोसळते आणि गंगावळी हे नाव घेऊन अंकोला व गोकर्ण यांच्यामध्ये अरबी समुद्राला मिळते. आता दुसरी बाजू पाहा. शिग्गावीकडून निघालेला बेण्णीहळ्ळ हुबळीच्या पूर्वेकडच्या काळ्या रानातून नवलगुंदाकडे जातो, मलप्रभेला मिळतो. मलप्रभा कूडलसंगमाला कृष्णेत मिळते, आणि कृष्णा आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला.

म्हणजे हुबळी-धारवाडच्या माळावर एकाच सरीचे दोन थेंब हाकेच्या अंतरावर पडले, तर एकाला अरबी समुद्र मिळतो आणि दुसऱ्याला बंगालचा उपसागर. एकाचा प्रवास दीडशे किलोमीटरांच्या आसपास, दुसऱ्याचा त्याच्या कितीतरी पट. आणि ज्या जमिनीवर ही फारकत होते ती जमीन म्हणजे काही सह्याद्रीचा कडा नव्हे. आपण ज्यावरून सायकल मारतो तो साधा चढउतार आहे. भूगोलात 'जलविभाजक' हा शब्द मी पाठ केला होता, परीक्षेत त्याची व्याख्या लिहून गुणही मिळवले होते. तो शब्द आपल्या पायाखालून जातो, हे मात्र कुणी सांगितले नव्हते.

महाराष्ट्रातील कृष्णेचीही हीच कथा आहे. महाबळेश्वरी ती उगम पावते तेथून अरबी समुद्र सुमारे ६४ किलोमीटरांवर आहे. पण ती पाठ फिरवते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून पूर्व समुद्र गाठते. आपली मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, तीही समुद्राच्या इतक्या जवळून पूर्वेला वळते. त्याच कणकुंबीच्या परिसरातले कळसा आणि बंडुरी हे नाले मात्र पश्चिमेला, म्हादईकडे जातात. ते वळवून मलप्रभेत सोडावेत ही नरगुंद-नवलगुंदच्या शेतकऱ्यांची मागणी, आणि पाणी वळवले तर आमच्या नदीचे काय, हा गोव्याचा प्रश्न. १४ ऑगस्ट २०१८ रोजी म्हादई लवादाने निवाडा देऊन कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी पाणी दिले. तरी वाद मिटलेला नाही. वर्तमानपत्रात हे सारे वाचताना मला गॅझेटिअरमधले ते पान आठवते. ज्या उंचवट्यावरून आपण सहज चालत जातो, त्यावर दोन राज्यांचे पाणी अवलंबून आहे.

कित्तूरचा थॅकरे

इतिहासाचे एक नवल थोडक्यात सांगतो. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना विल्यम मेकपीस थॅकरे हे नाव परिचित आहे. 'व्हॅनिटी फेअर' ही त्याची कादंबरी १८४७-४८ मध्ये प्रसिद्ध झाली. आमच्या दुकानातल्या एका फाटक्या पाठ्यपुस्तकात त्याचे चरित्र होते. त्याचा जन्म १८११ साली कलकत्त्याला झाला, एवढे वाचून मी ते पान चहापुडीला लावले.

कित्तूरच्या राणी चन्नम्माची कथा आम्हांला शाळेत होती. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरच्या किल्ल्यापुढे झालेल्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, हे पोरासोरांनाही ठाऊक होते. पण हा थॅकरे आणि तो थॅकरे यांचा काही संबंध असेल, हे कधी मनात आले नाही. पुढे केव्हातरी सहज वाचताना कळले की कित्तूरला पडलेला सेंट जॉन थॅकरे हा कादंबरीकाराचा सख्खा चुलता. चन्नम्मा इंग्रजांच्या कैदेत बैलहोंगल येथे १८२९ साली वारली, तेव्हा तिच्या माणसांनी लोळवलेल्या कलेक्टरचा पुतण्या इंग्लंडात सतरा वर्षांचा होता. इंग्रजीच्या तासाला शिकलेली गोष्ट आणि इतिहासाच्या तासाला शिकलेली गोष्ट एकाच घराण्यातली निघाली! आपले विषय वेगवेगळ्या वह्यांत असतात, माणसे मात्र एकाच जगात राहतात.

तूप, अडकित्ता आणि गोदावरी

आमच्या अंकाचे मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत. त्यांच्यामध्ये एक रंगीत पान घालण्याची प्रथा आहे. ते पान पाहिले की मला अण्णांच्या दुकानातला माल आठवतो.

तूप मराठीत तूप आणि कन्नडमध्ये तुप्प. सुपारी कातरायचा अडकित्ता कन्नडमध्ये अडकोत्तु, कारण 'अडिके' म्हणजे सुपारी. आपण सकाळी खातो ते उप्पीट म्हणजे उप्पु आणि हिट्टु, मीठ आणि पीठ. मी वडिलांना अण्णा म्हणत होतो आणि थोरल्या बहिणीला अक्का. दोन्ही शब्द कन्नडचे. उलट धारवाडकडचा कन्नड माणूस खोलीला खोली म्हणतो, हे म्हैसूरकडच्या पाहुण्याला ऐकून नवल वाटते. भाषाशास्त्राचे पुस्तक न उघडताही हे कुणाला दिसू शकते. पण दिसले, तरी ते पाहायला एखाद्या सहज वाचलेल्या परिच्छेदाने हाताला धरून न्यावे लागते.

'कविराजमार्ग' हा कन्नडमधील उपलब्ध ग्रंथांत सर्वांत जुना, इसवी सनाच्या नवव्या शतकातला, राष्ट्रकूट राजा नृपतुंगाच्या दरबारातला. त्यात कन्नड देशाची सीमा कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे. म्हणजे पैठण-नाशिकची गोदावरी! आणि मराठीच्या अगदी आद्य शिलालेखांमध्ये ज्याची गणना होते, तो लेख आहे श्रवणबेळगोळला, गोमटेश्वराच्या पायाशी, कर्नाटकाच्या पोटात. कन्नडचा जुना ग्रंथ महाराष्ट्राकडे बोट दाखवतो आणि मराठीचा जुना दगड कर्नाटकात उभा आहे. सीमेवरच्या वादात तावातावाने बोलणाऱ्या दोन्हीकडच्या मंडळींनी या दोन गोष्टी एकत्र वाचाव्यात, असे मला फार वाटते.

अगदी जवळचे पाहायचे तर दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे. जन्म धारवाडचा, १८९६ सालचा, घरची भाषा मराठी, आणि १९७३ चे ज्ञानपीठ पारितोषिक कन्नड काव्याला. कुंदगोळचे रामभाऊ कुंदगोळकर मराठी रंगभूमीवर 'सवाई गंधर्व' झाले. आणि जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवत राहिले, कथा मराठीत लिहिल्या, 'काजळमाया'ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तो त्यांनी पुढे परत केला. या तिघांना भाषेची सीमा आडवी आली नाही. आपल्याला मात्र रंगीत पान उलटून पलीकडचा विभाग वाचायचाही कंटाळा येतो.

अर्ध्या पानाची चूक

आता नावेच्या बाजूकडे वळतो.

शाळेत माझ्या वर्गात एक सिद्दी मुलगा होता. कलघटगी तालुक्याच्या पश्चिमेला, रानालगतच्या वस्तीतून तो येत असे. काळा तुकतुकीत रंग, आखूड कुरळे केस. मुले त्याला चिडवत. तो मारामारी करत नसे, खाली मान घालून बसे. एके दिवशी रद्दीत मला मलिक अंबरवरच्या लेखाचे एक पान मिळाले. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, दख्खनेत आल्यावर पराक्रमाने निजामशाहीचा सूत्रधार झालेला मलिक अंबर. मोगलांना गनिमी काव्याने जेरीस आणणारा, जमीनमहसुलाची व्यवस्था लावणारा, खडकी हे शहर वसवून त्याला नहराने पाणी देणारा. तो १६२६ साली वारला. त्याच्यासारख्यांना हबशी किंवा सिद्दी म्हणत, असे पानाच्या तळाशी होते. आणि तेथेच पान संपले होते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभा राहून सांगितले की आपला हा मित्र मलिक अंबरच्या वंशातला आहे, त्याला कुणी हसायचे नाही. गुरुजींनी शाबासकी दिली. चिडवणे खरोखरच थांबले. मित्राने घरी जाऊन सांगितले. पुढे कैक वर्षे तो आणि त्याची भावंडे ही गोष्ट अभिमानाने सांगत राहिली. मीही माझ्यावर खूश होतो.

प्राध्यापक झाल्यावर एकदा त्याच्या घरी गेलो होतो. त्याच्या आईला आम्ही सगळे अव्वा म्हणत असू. ती दाराशी बसून जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून गोधडी शिवत होती. सिद्दी बायका तिला कवंदी म्हणतात. चारी कोपऱ्यांना त्या दुमडलेल्या चिंध्यांचे त्रिकोण शिवतात, त्यांचे नाव फुलां. त्याशिवाय कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत. मी पुन्हा मलिक अंबरचा विषय काढला. अव्वा हसली आणि म्हणाली, "तम्मा, राजाबिजाचं मला ठाऊक नाही. आमची माणसं गोव्याकडून पळून आली, रानात लपली, एवढं माझी आजी सांगायची. पळून आलेल्यांचीच आम्ही पोरं. त्यात लाज कसली?"

मी गप्प झालो. घरी येऊन पहिल्यांदा ठरवून शोधले. अव्वा सांगत होती तेच खरे होते. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांनी मोझांबिक आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम गोव्यात आणले. त्यांतले अनेक जण जुलमाला कंटाळून सह्याद्रीच्या रानात पळाले. आज ते उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड, अंकोला भागात, बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यात आणि आपल्या कलघटगी तालुक्यात आहेत. त्यांत हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत. बाहेर कन्नड बोलतात. घरात कुणी कोकणी-मराठी मिसळलेली बोली, तर कुणी उर्दू. दमाम नावाचा ढोल वाजवून नाचतात. काहींचे पूर्वज दख्खनच्या फौजांतून आले असतील. पण २०११ साली हैदराबादच्या 'सीसीएमबी' या संस्थेच्या संशोधकांनी कर्नाटक व गुजरातच्या सिद्दींचा आनुवंशिक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात त्यांच्या आफ्रिकी पूर्वजांचे नाते बांटू भाषा बोलणाऱ्या लोकांशी जुळले. इथिओपियाचा मलिक अंबर आणि कलघटगीचा माझा मित्र यांना एकच नाव लागते, पण त्यांचा इतिहास एक नाही.

मी खोटे बोललो नव्हतो. पानावर होते ते सगळे खरे होते. पण अर्धे पान वाचून मी एका माणसाच्या पूर्वजांची निवड करून मोकळा झालो होतो. त्यांना मान मिळवून द्यायला मला राजकारणी आणि सेनापती लागला, पळून सुटलेला गुलाम पुरला नाही. चिडवणाऱ्या मुलांच्या मनात जी लाज होती, तीच थोड्या वेगळ्या रूपाने माझ्याही मनात होती. हे माझे नावे.

रान ओलांडले की

पुढची गोष्ट वाचनातली नाही, पण वाचनामुळेच मला तिचा अर्थ लागला. २००३ साली उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. माझ्या मित्राची बहीण यल्लापूर तालुक्यात दिली आहे. तिच्या मुलांना दाखला मिळाला, शिष्यवृत्ती मिळाली. मित्राचे घर धारवाड जिल्ह्यात. त्याच्या मुलीला मिळाला नाही. एका आईच्या दोन लेकरांची मुले. एक जमातीचे, दुसरे नाही. मुलीच्या प्रवेशाच्या वेळी तो माझ्याकडे आला. मी नियम समजावून सांगू लागलो. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "तू एवढं वाचतोस, मग एवढंच सांग. रान ओलांडलं की माणूस बदलतो काय रे?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. थेंब कुठल्या समुद्राला जाणार हे उताराने ठरते. त्याला कुणाचा इलाज नाही. पण दोन जिल्ह्यांच्या मधली रेघ माणसाने ओढलेली आहे. ती दुरुस्त व्हायला १७ वर्षे लागली. २०२० साली संसदेने कायद्यात बदल करून धारवाड आणि बेळगाव जिल्ह्यांतील सिद्दींनाही यादीत घेतले. त्याच वर्षी शांताराम सिद्दी यांची राज्याच्या विधान परिषदेवर नियुक्ती झाली. विधिमंडळात पोहोचलेले ते पहिले सिद्दी. मित्राच्या धाकट्या मुलाला आता दाखला मिळाला आहे. मुलीची वेळ निघून गेली होती. तिने शिक्षण सोडून हुबळीला दुकानात नोकरी धरली.

तालुक्याबाहेरच्या किती लोकांना हे ठाऊक आहे? तालुक्यातल्या तरी किती जणांना आहे? कलघटगीचा पाळणा आम्ही पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. त्याच तालुक्यात आफ्रिकेपासून आलेला इतिहास कोपऱ्यांना फुले लावून कवंदी शिवतो आहे, हे सांगायला आम्ही विसरतो.

शेवटचा हिशेब

विद्यार्थी मित्रहो, सहज वाचन सोडा असे मी म्हणणार नाही. ते सोडले असते तर मला ना बेडती कळली असती, ना कित्तूरचा थॅकरे, ना तुपाचे तुप्प. आज रद्दी राहिली नाही, पण तुमच्या हातातल्या मोबाईलवर अर्ध्या पानांचा पाऊस पडतो आहे. "तुम्हांला हे ठाऊक आहे काय?" म्हणून रोज दहा नवले येतात आणि आपण ती पुढे ढकलतो. त्यासाठी तीनच गोष्टी सुचवतो. पहिली, नवल वाटले की पृष्ठ ४७ शोधा. ग्रंथालयात ते बहुधा असते. दुसरी, कुठे आणि केव्हा वाचले ते वहीत लिहून ठेवा; म्हणजे चुकले तर दुरुस्त करता येते. तिसरी सर्वांत महत्त्वाची. जे वाचले ते एखाद्या जिवंत माणसाविषयी असेल, तर दुसऱ्याला सांगण्याआधी त्या माणसाला विचारा. अव्वाला मी वेळेवर विचारले असते तर माझी चूक पंचवीस वर्षे चालली नसती.

अव्वा आता नाही. मलिक अंबरची गोष्ट माझी चूक होती, हे मी मित्राला उशिरा का होईना सांगितले. तो म्हणाला, "पोरांना दोन्ही सांगतो. एक वाचलेली म्हणून आणि एक आजीची म्हणून." माझ्यापेक्षा त्याला हिशेब चांगला कळतो.

आपल्या महाविद्यालयात कलघटगी, हल्याळ, खानापूर, नवलगुंद अशा सर्व बाजूंनी मुले-मुली येतात. प्रत्येकाच्या घरी एखादी आजी आहे, तिच्याजवळ कुठल्याही गॅझेटिअरात नसलेले एखादे पान आहे. ते या सुट्टीत लिहून आणा. मराठीत लिहा किंवा कन्नडमध्ये लिहा. अंकाचे दोन्ही विभाग आपलेच आहेत. आणि पुढच्या अंकात ते छापून आले, की मधले रंगीत पान उलटून दोन्हीकडचे वाचा. एवढे सांगून लेख पुरा करतो.